दोन सेकंदांची रेघ

१७ ऑगस्ट २०१७, गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती, सोलापुरात दिवस मावळायला अजून अर्धा-पाऊण तास होता. त्या वेळेला सात रस्त्यावर उभं राहून विजापूर रोडच्या जरा उजव्या अंगाला मान वर केली असती तर नैर्ऋत्येला, क्षितिजापासून साधारण छत्तीस अंशांवर वासुकी तारकासमूहातली एनजीसी ४९९३ नावाची एक दीर्घिका (गॅलेक्सी) होती. उजेडामुळे दिसली नसतीच, अंधार असता तरी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण होती तिथे. (हा हिशेब मी नंतर बसून मांडलाय, त्या दिवशी मला यातलं काहीही माहीत नव्हतं.) तिथून तेरा कोटी वर्षांपूर्वी निघालेला गॅमा किरणांचा एक झटका त्या मिनिटाला पृथ्वीवर येऊन पोचला. दोन सेकंद टिकला आणि संपला. आपल्या डोक्यावरच्या हवेनेच तो अडवला, गॅमा किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत, आणि ते बरंच आहे म्हणा.

या दोन सेकंदांवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. शॉर्ट गॅमा रे बर्स्ट म्हणतात याला. मराठीत लघु गॅमा किरण स्फोट वगैरे लिहिता येईल पण मी आपलं बर्स्टच लिहिणारे.

सुरुवातीची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून पटकन सांगतो. १९६३ साली अमेरिका, रशिया, ब्रिटन यांच्यात करार झाला की हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या करायच्या नाहीत. करार झाला पण विश्वास कुणाचाच कुणावर नाही, म्हणून अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह वर सोडले, कुणी चोरून बॉम्ब उडवला तर गॅमा किरण पकडायला. २ जुलै १९६७ ला त्यांना गॅमा किरण सापडले, पण बॉम्बचे नव्हते. बॉम्बची खूण वेगळी असते आणि हे पृथ्वीकडून येतच नव्हते, सूर्याकडूनही नाही. लॉस अलामॉसच्या रे क्लेबेसाडेल आणि मंडळींनी असे सोळा स्फोट जमवले आणि १९७३ मध्ये पेपर छापला. म्हणजे सहा वर्षं हे प्रकरण कपाटातच होतं.

पुढची वीस वर्षं नुसता गोंधळ. कशामुळे होतं याच्या शंभराहून जास्त थिअऱ्या निघाल्या, कुणी म्हणे ताऱ्यावर धूमकेतू आपटतोय, कुणी काय नि कुणी काय. आणि एवढ्या थिअऱ्या निघतात तेव्हा समजायचं की माहिती कमी आहे. माहिती कमी का, तर बर्स्ट स्वतः काही सांगतच नाही. आकाशात अमक्या बाजूला चमकलं, एवढा वेळ टिकलं, संपलं. किती लांबून आलं तेही कळत नाही. जवळचा छोटा फटाका की लांबचा मोठा स्फोट, दोन्ही सारखेच दिसणार.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा घरात बसून नुसता धाडकन आवाज ऐकला तर तो कुठल्या फटाक्याचा, कुणी लावला, हे कळतं का? नाही. सकाळी मैदानावर जाऊन कागदाचे तुकडे, जळालेल्या काड्या, राख बघितली तर अंदाज येतो. गॅमा रे बर्स्टचा सगळा इतिहास हा सकाळी उठून मैदानावर जाऊन राख बघण्याचा आहे, आणि अडचण ही होती की मैदान कुठलं तेच माहीत नव्हतं.

१९९१ ला कॉम्प्टन नावाची गॅमा किरणांची वेधशाळा वर गेली, तिच्यावर बॅट्से नावाचं उपकरण होतं. नऊ वर्षांत त्याने २७०४ बर्स्ट नोंदवले, दिवसाला साधारण एक. ते आकाशाच्या नकाशावर मांडले तर सगळीकडे सारखे विखुरलेले. आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी दिसली असती तर म्हणता आलं असतं की आपल्याच घरातलं काहीतरी आहे, पण तसं काही नाही. तरीही भांडण मिटलं नाही! १९९५ मध्ये वॉशिंग्टनला जाहीर वादविवाद ठेवला, एका बाजूला बोहदान पॅचिन्स्की, हे म्हणत होते की स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षं लांबचे आहेत, दुसऱ्या बाजूला डोनाल्ड लॅम्ब, ते म्हणत होते आपल्या आकाशगंगेच्या भोवतीच्या भागातलेच आहेत. मार्टिन रीस मध्ये बसलेले, सूत्रसंचालक म्हणून. दोन वर्षांनी बेप्पोसॅक्स उपग्रहामुळे पहिल्यांदा बर्स्टनंतर मागे राहिलेली मंद चमक सापडली, तिच्यावरून अंतर मोजता आलं आणि पॅचिन्स्की बरोबर निघाले.

पण हे सगळं लांब टिकणाऱ्या बर्स्टबद्दल झालं. आता दोन सेकंदांकडे येतो.

बॅट्सेच्या नोंदींमध्ये १९९३ साली क्रिसा कुव्हेलिओतू आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली, कुठला बर्स्ट किती वेळ टिकला त्याचा आलेख काढला. आलेखात दोन उंचवटे आले. एक सेकंदाच्या आतला, एक दहा-वीस-तीस सेकंदांचा, आणि मधला खड्डा साधारण दोन सेकंदांवर. दोन सेकंदांच्या आतले ते शॉर्ट, वरचे ते लाँग. शॉर्टवाल्यांचे किरण जास्त ऊर्जेचे, कडक. म्हणजे दोन वेगळ्या कुळांचे असणार असं सगळ्यांनी धरलं. लाँगवाल्यांचं कूळ पुढे सापडलं, प्रचंड वजनाचा तारा आयुष्य संपताना आत कोसळतो आणि त्यातून झोत निघतो, २००३ मध्ये तर एका लाँग बर्स्टच्या जागी स्वच्छ सुपरनोव्हा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट, दिसला. शॉर्टवाल्यांची मागची चमक मात्र कुणाला सापडेना, कारण ती फार मंद आणि दुर्बीण वळवेपर्यंत खेळ खलास.

मग स्विफ्ट उपग्रह आला, नोव्हेंबर २००४ मध्ये. याची खासियत म्हणजे बर्स्ट दिसला की हा कुणाला न विचारता स्वतःच मिनिटभरात त्या दिशेला वळतो. ९ मे २००५ ला एक बर्स्ट झाला, सेकंदाचा पंचविसावा भाग एवढाच टिकला, स्विफ्टने वळून बघितलं आणि त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीत किती कण मिळाले असतील? अकरा. फक्त अकरा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण! आणि त्या अकरा कणांवरून जागा नक्की केली, तर जवळ एक लंबवर्तुळाकार दीर्घिका निघाली. मला हा आकडा फार आवडतो, आमच्याकडे शंभर पानांच्या अहवालातून जे निघत नाही ते या लोकांनी अकरा कणांतून काढलं.

लंबवर्तुळाकार दीर्घिका का महत्त्वाची, ते जरा थांबून सांगतो. अशा दीर्घिका म्हणजे म्हातारी वस्ती, तिथे नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत. आणि लाँग बर्स्ट करणारे अवजड तारे फार कमी जगतात, काही दशलक्ष वर्षं बास, म्हणजे ते नव्या वस्तीतच सापडणार. म्हाताऱ्या वस्तीत स्फोट झाला याचा अर्थ ज्याने केला त्याने फार फार वाट बघितली असणार. त्याच वर्षी जुलैत अजून एक शॉर्ट बर्स्ट सापडला, त्याची जागा नीट बघितली तरी सुपरनोव्हा काही उगवला नाही. शिवाय पुढे असंही दिसत गेलं की हे शॉर्ट बर्स्ट बरेचदा दीर्घिकेच्या मध्यापासून लांब, काही वेळा तर पार गावाच्या वेशीबाहेर होतात.

वाट बघणारं, गाव सोडून भटकणारं असं कोण? न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी. न्यूट्रॉन तारा म्हणजे अवजड तारा फुटल्यावर मागे उरलेला घट्ट गाभा, सूर्याच्या दीडपट वजन आणि रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे एक टोक सोलापुरात ठेवलं तर दुसरं मोहोळपर्यंतही पोचणार नाही. सुपरनोव्हातून जन्मताना या ताऱ्यांना दणका बसतो, त्यामुळे जोडी घरापासून लांब फेकली जाते. आणि एकमेकांभोवती फिरताना गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांतून, ऊर्जा जात राहते, जोडी हळूहळू जवळ येते. हे कागदावरचं नाही, १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांनी अशी एक जोडी शोधली, पावणेआठ तासांत एक फेरी, आणि ती फेरी आइन्स्टाइनच्या हिशेबाप्रमाणे बरोबर लहान होत चाललीय. १९९३ चं नोबेल त्यावरच. त्या जोडीची टक्कर व्हायला अजून सुमारे तीस कोटी वर्षं आहेत, तेव्हा घाई नाही.

टक्कर होताना काय होतं तर जवळजवळ लगेच कृष्णविवर किंवा तसंच काहीतरी बनतं, भोवती उरलेल्या मालाचं गरगरतं कडं, आणि अक्षाच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या जवळपास वेगाने झोत. कडं छोटं, माल कमी, म्हणून झोत लवकर संपतो, म्हणून शॉर्ट. असं पुस्तकात लिहिलेलं. डेव्हिड आइखलर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच मांडलं होतं की अशा टकरींतून बर्स्टही होतील आणि जड मूलद्रव्यंही बनतील. पण पुरावा? २०१३ मध्ये एका शॉर्ट बर्स्टनंतर नऊ दिवसांनी हबल अंतराळ दुर्बिणीला त्या जागी अवरक्त किरणांत एक लालसर ठिपका दिसला, महिन्याभरात गायब. किलोनोव्हा, म्हणजे टकरीत उधळलेल्या जड मूलद्रव्यांची चमक, असावा असं सगळे म्हणाले. एका ठिपक्यावर किती विश्वास ठेवणार.

आणि मग तो गुरुवार.

गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही मशिनींना सुमारे शंभर सेकंद लहरी ऐकू येत होत्या, सूर चढत चढत गेला आणि थांबला. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले, इंटिग्रललाही. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात लहरी आणि प्रकाश यांच्यात फरक पावणेदोन सेकंदांचा, तोही बहुतेक झोत निघायला लागलेला वेळ. गुरुत्वाकर्षण वेगळ्या वेगाने पळतं असं म्हणणाऱ्या कितीतरी थिअऱ्या त्या एका आकड्याने एका दिवसात निकालात काढल्या.

आता यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. जागा शोधताना ज्यांना दिसलं त्यांच्याइतकीच ज्यांना नाही दिसलं त्यांची मदत झाली. लायगोसारख्याच इटलीतल्या व्हर्गो मशिनला लहर जवळजवळ ऐकूच आली नाही, पण मशीन तर ठणठणीत चालू होती, याचा अर्थ टक्कर तिच्या आंधळ्या कोपऱ्यात झाली, आणि तो कोपरा कुठे असतो हे माहीत असतं. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचंही तेच. त्यावरच्या सीझेडटीआय उपकरणाने आत्तापर्यंत पाचशेहून जास्त बर्स्ट पकडलेत, पण त्या मिनिटाला याला काहीच दिसलं नाही. कारण मध्ये पृथ्वी आली होती. झालं, म्हणजे बर्स्ट ॲस्ट्रोसॅटच्या दृष्टीने पृथ्वीआड झाकलेल्या आकाशातच असणार, बाकीचं आकाश बाद! लायगो आणि व्हर्गो मिळून शेवटी २८ चौरस अंशांचा तुकडा उरला, पौर्णिमेचे दीडशेच्या आसपास चंद्र मावतील एवढा.

पण तो नकाशा हाती यायला पाच तास लागले. लुइझियानातल्या लायगोच्या नोंदीत नेमकी त्याच वेळी एक खरखर आली होती, ती आधी काढावी लागली. नकाशा आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे जवळपास साडेअकरा, आणि ती दीर्घिका सोलापूरच्या आकाशातून साडेनऊच्या आतच मावळून गेलेली. मग सगळ्यांचे डोळे चिलीकडे, तिथे अजून दिवस होता. अंधार पडल्यावर लास कॅम्पानासच्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीने यादीतल्या दीर्घिका एकेक करून तपासायला घेतल्या आणि टकरीनंतर अकरा तासांच्या आत एनजीसी ४९९३ च्या कडेला नवा ठिपका सापडला. एक मीटर म्हणजे या धंद्यात लहान दुर्बीण हां.

ठिपका आधी निळसर, काही दिवसांत लाल. हे तेच, राख. जड मूलद्रव्यं निळा प्रकाश अडवतात म्हणून लाल होतं. २०१९ मध्ये त्या प्रकाशात स्ट्रॉन्शियमची खूण सापडली, आणि गंमत म्हणजे फटाक्यांत लाल रंग आणायला स्ट्रॉन्शियमचेच क्षार वापरतात. पॅचिन्स्की २००७ मध्येच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही याचं मला उगीचच वाईट वाटतं.

सोन्याबद्दल बोलायलाच लागेल, कारण आमच्या सराफ बाजारातल्या मित्राने मला फॉरवर्ड पाठवून विचारलंच होतं, "काय बे, सोनं ताऱ्यांच्या टकरीतून येतंय म्हणे, खरं हाय का?" खरं हाय. बरंचसं तरी. त्या एका टकरीत सोनं आणि प्लॅटिनम मिळून पृथ्वीच्या काही पट वजनाचं बनलं असावं असा अंदाज आहे. (त्याचा पुढचा प्रश्न भाव कधी उतरणार हा होता.) पण विश्वातलं सगळंच सोनं असं येतं का यावर अजून वाद आहे, मॅग्नेटार नावाच्या चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यांच्या उद्रेकातूनही जड मूलद्रव्यं बनतात असा पुरावा पुढे येतोय, तेव्हा फॉरवर्डवाल्यांनी जरा दमाने घ्यावं.

अजून एक गाठ राहिली होती. हा बर्स्ट इतक्या जवळचा असूनही नेहमीच्या शॉर्ट बर्स्टच्या मानाने हजारो पटींनी मिणमिणता होता. झोत होता की नव्हता? यात आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा हात आहे, पुणे-नाशिक रस्त्याने गेलात तर ज्या मोठ्या जाळीच्या तबकड्या दिसतात त्या. तीस तबकड्या, प्रत्येक ४५ मीटरची. रेडिओ लहरींत ही चमक महिनोन् महिने बघत राहिली ती मंडळी, ती आधी वाढत गेली मग उतरली, आणि २०१८ मध्ये कुणाल मूले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लांबलांबच्या रेडिओ दुर्बिणी जोडून दाखवलं की ठिपका सरकतोय, झोत आहेच, फक्त आपल्याकडे नेम धरून नव्हता, वीसेक अंश बाजूने गेला. म्हणजे आपण तो तिरपा बघितला.

इथे पोस्ट संपवली असती तर छान झालं असतं. शॉर्ट म्हणजे टक्कर, लाँग म्हणजे कोसळणारा तारा, दोन सेकंदांची रेघ, विषय कट. पण ११ डिसेंबर २०२१ ला एक बर्स्ट झाला, पन्नास सेकंद टिकला. रेघेप्रमाणे लाँग. आणि मागे काय सापडलं, तर किलोनोव्हा! ७ मार्च २०२३ चा तर दोनशे सेकंद चालला, आत्तापर्यंतचा दुसरा सगळ्यात तेजस्वी बर्स्ट, आणि जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीने त्याच्या राखेत टेल्युरियम हे जड मूलद्रव्य दाखवलं. तो ज्या दीर्घिकेचा असावा ती सव्वा लाख प्रकाशवर्षं लांब पडलेली, वेशीबाहेरचा भटका. सगळी लक्षणं टकरीची, फक्त वेळ चुकीची. उलट २०२० मध्ये सेकंदभराचा एक बर्स्ट निघाला तो कोसळणाऱ्या ताऱ्याचा, आणि त्याच वर्षी सेकंदाचा सातवा भाग टिकलेला एक जण तर टकरीचाही नाही, शेजारच्या एनजीसी २५३ दीर्घिकेतल्या मॅग्नेटारचा उद्रेक.

माझं मत विचाराल तर रेघ वाईट नव्हती, रेघेला कारण समजणं वाईट होतं. घड्याळ लावून किती वेळ टिकला ते मोजता येत होतं म्हणून ते मोजलं, दुसरं काही हातात नव्हतंच. आता शास्त्रज्ञ टाइप एक आणि टाइप दोन असं म्हणायला लागलेत, टकरीचे आणि कोसळण्याचे, पण नवीन बर्स्ट आला की पहिली नोंद अजूनही सेकंदांचीच होते.

पन्नास आणि दोनशे सेकंदांचे ते बर्स्ट नक्की कुणाच्या टकरीचे? दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, की एक न्यूट्रॉन तारा आणि एक श्वेतबटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा विझत गेलेला गाभा), की न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर? हे गुरुत्वीय लहरींनीच सांगता येईल, आणि नशीब बघा, दोन्ही वेळेला लायगो बंद होतं, दुरुस्ती-सुधारणा चालू होती. चालू असतं तरी अब्ज प्रकाशवर्षांवरचं ऐकू आलं असतंच असं नाही. २५ एप्रिल २०१९ ला उलट झालं, न्यूट्रॉन ताऱ्यांची दुसरी टक्कर ऐकू आली पण एकाच लायगोला नीट, त्यामुळे शोधायचा तुकडा झाला आठ हजार चौरस अंश, म्हणजे आकाशाचा पाचवा हिस्सा. कुणाला काहीही सापडलं नाही.

म्हणून औंढा नागनाथच्या कामाकडे माझं लक्ष असतं. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया होतंय, चार-चार किलोमीटरचे दोन हात, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. त्या चार किलोमीटरच्या हातात प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी पकडायचाय. आपल्या भागात जमीन हलणं म्हटलं की अजून किल्लारीच आठवते, आणि इथे शेतातून ट्रॅक्टर गेला तरी त्याचा हिशेब ठेवावा लागणार. अमेरिकेतल्या दोन आणि इटलीतल्या मशिनपासून ही जागा खूप लांब आहे, आणि लांब असण्यातच फायदा आहे, कारण लहर कुठे आधी पोचली कुठे नंतर या फरकावरूनच दिशा काढतात. पुढच्या वेळी वासुकीतलं काहीतरी संध्याकाळी सहाला आपल्या आकाशात असताना आदळलं तर नकाशा लवकर यावा, ते मावळायच्या आत यावा, आणि लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणींना चिलीच्या आधी बघायला मिळावं, एवढंच माझं म्हणणं आहे.